चढा गांधार

बुधवार, रात्री उशिरा

आज पुन्हा गॉथिक व्हॉइसेस हा गायकसमूह ऐकला. त्यांनी १९८३ साली ध्वनिमुद्रित केलेली गियोम द माशोची गाणी. चौदाव्या शतकातला हा फ्रेंच कवी आणि संगीतकार. तीन-चार गळे, बाकी काही नाही. एक वाद्य नाही.

हे वाद्य नसणंच किती वादाचं होतं! माशोच्या हस्तलिखितांत बहुतेक वेळा वरच्या एकाच आवाजाखाली शब्द लिहिलेले असतात. टेनॉर, म्हणजे रचनेचा आधार असलेला खालचा आवाज, आणि कॉन्ट्राटेनॉर, म्हणजे त्याच्याच पट्टीत फिरणारा जोडीचा आवाज, दोन्ही कोरे. शब्द नाहीत म्हणजे ती वाद्यांची जागा, असं विसाव्या शतकात बराच काळ धरून चालले होते. डेव्हिड मन्रोंच्या वाद्यवृंदाने तर याच समजावर काय रंग भरले होते. पण १९७७ मध्ये अभ्यासक ख्रिस्तोफर पेज यांनी युस्ताश देशाँ या माशोच्या पुढच्या पिढीतल्या कवीचं १३९२ सालचं लिखाण पुढे ठेवलं. त्यात टेनॉर आणि कॉन्ट्राटेनॉरच्या संदर्भात आवाजांचा उल्लेख आहे. पुढे पेज यांनी गायक जमवले, तेच हे गॉथिक व्हॉइसेस, आणि ते कोरे भाग नुसत्या एका स्वरवर्णावर गाऊन घेतले. लेखात मांडलेला मुद्दा असा गळ्यातून सिद्ध करायला निघालेला माणूस मला फार मोठा वाटतो.

उलट पुरावाही आहे. खुद्द माशोनेच एका पत्रात लिहिलंय की अमुक रचना ऑर्गनवर, पुंगीच्या जातीच्या वाद्यावर वाजवता येईल. आणि २००२ साली संगीताचे अभ्यासक डॅनियल लीच-विल्किन्सन यांनी दाखवून दिलं की हे मतपरिवर्तन निव्वळ पुराव्याने झालेलं नाही, त्यात काळाची आवडही होती. मला ते पटतं. तरीही मी हेच ऐकणार.

कारण तो गांधार. तंबोरा नीट लागला की त्यातून आपसूक उमटणारा गांधार षड्जाच्या ५/४ पटीत असतो, आणि माझा कान त्यावरच घडलाय. मध्ययुगीन युरोपचे शास्त्रकार मात्र शुद्ध पंचमावरून हिशेब मांडायचे. पंचमावर पंचम असे चार चढवून सप्तकात परत आणलं की गांधार येतो ८१/६४. आपला ५/४ म्हणजे ८०/६४. फरक एका प्रमाणश्रुतीचा, म्हणजे ८१/८०. कागदावर काहीच नाही, पण हे गायक तो चढा गांधार मुद्दाम लावतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटेल, सूर सुटला की काय. थांबा, पुढचा स्वर येऊ द्या. खालचा आवाज एक स्वर उतरतो, वरचे दोघे अर्ध्या स्वराने चढतात आणि, खालच्या आवाजाला षड्ज धरलं तर, गांधार पंचमात, धैवत वरच्या षड्जात जाऊन पडतो. ताणलेली दोरी एकदम सुटावी तसं. गांधार आमच्यासारखा गोड, स्थिर लावला असता तर तिथून निघायची घाईच उरली नसती. स्वर चढा आहे म्हणून तो चालता राहतो.

यातले गायक रॉजर्स कव्ही-क्रंप यांचा आवाज फार ऐकण्यासारखा आहे. श्वास कुठे घेतात कळत नाही.

उद्या रियाजाआधी वरचा शब्दांचा आवाज सोडून फक्त कॉन्ट्राटेनॉरचा माग धरायचाय. तो मध्येच टेनॉरच्या खाली शिरतो, तेवढ्यापुरता खर्ज बदलतो. ती जागा अजून माझ्या कानाला सापडलेली नाही.