कोलेस्टेरॉलची गोळी, वर सरकलेली शुगर आणि पोटातले जिवाणू : माझा अनुभव

एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १६८ आल्यावर इथे नागपुरात धंतोलीतल्या डॉक्टरांनी फार चर्चा केली नाही. वडिलांची बायपास झालेली, माझी पन्नाशी उलटलेली, बीपी काठावर. त्यांनी रोसुव्हास्टॅटिन १० ही कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातली गोळी लिहून दिली, "तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासा" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

गोळीने काम चोख केलं. पुढच्या रिपोर्टात एलडीएल ९२. पण त्याच कागदावर खाली एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर, ५.६ वरून ५.९ झालेलं. ५.७ पासून पुढे प्रीडायबेटिस, म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी, धरतात. वजन तेवढंच, जेवण तेच, सकाळी अंबाझरीला फिरणंही चालू. मग हे कुठून उपटलं?

"बंद करून टाक न बे ते गोळी," ऑफिसातला मित्र म्हणाला. त्याच्या साळ्याने म्हणे बंद केली आणि तो ठणठणीत आहे. अशा साळ्यांच्या भरवशावर नागपुरात बरीच डॉक्टरकी चालते. मी गोळी चालू ठेवली आणि डॉक्टरांची वेळ घेतली.

या वेळी ते निवांत बोलले. स्टॅटिनने काहींची शुगर थोडी वर सरकते, हे खरंच आहे. २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १३ चाचण्यांतल्या ९१ हजारांवर लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा मधुमेहाचा धोका ९ टक्क्यांनी जास्त निघाला. ऐकायला मोठं वाटतं, पण हिशेब असा की २५५ जणांनी चार वर्षं गोळी घेतली, तर त्यातल्या एकाला जास्तीचा मधुमेह होतो. तेवढ्याच लोकांत टळणारे हार्ट अटॅक त्याहून जास्त. "तुमच्या घरचा इतिहास बघता गोळी सोडायची नाही, शुगरवर लक्ष ठेवायचं," ते म्हणाले. मला पटलं. पण एकाची शुगर वाढते आणि दुसऱ्याची नाही, असं का, हा किडा डोक्यात राहिला.

तो काढला पुतणीने. ती इथेच मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करते. "काका, तुम्ही नुसतं लिव्हरच बघताय," ती म्हणाली आणि रिपोर्टाच्या पाकिटावरच आकृती काढायला बसली. स्टॅटिन यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणारं एन्झाइम अडवतं. यकृताला माल कमी पडतो, म्हणून ते रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. इथवर मला ठाऊक होतं. पुढचं नव्हतं. यकृत याच कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. तेलकट-तुपकट पचवायला ती आतड्यात उतरतात आणि बहुतेक सगळी शोषली जाऊन परत यकृताकडे जातात. जी थोडी मोठ्या आतड्यापर्यंत पोचतात, त्यांचं रूप तिथले जिवाणू बदलून टाकतात. ही बदललेली पित्ताम्लं शरीराला संदेश देतात. जेवणानंतर इन्सुलिनला चालना देणारं जीएलपी-१ हे हार्मोन किती सुटणार, यातही त्यांचा हात असतो. २०२४ मध्ये चीनमधल्या संशोधकांना आढळलं की स्टॅटिनमुळे क्लॉस्ट्रिडियम गटातले काही जिवाणू कमी होतात, त्यांच्याकडून मिळणारं एक पित्ताम्ल घटतं आणि जीएलपी-१ खाली येतं. म्हणजे माझ्या ५.९ चा एक धागा तिथे असू शकतो.

त्याआधी २०२२ च्या एका अमेरिकी अभ्यासात, ज्यांच्या पोटात बॅक्टेरॉइड्स नावाचे जिवाणू जास्त आणि एकूण विविधता कमी, त्यांचं एलडीएल गोळीने सर्वांत जास्त उतरलेलं दिसलं, पण शुगरची गडबडही त्यांच्यातच जास्त. दुसऱ्या एका गटात एलडीएल छान उतरलं आणि शुगर जागच्या जागी राहिली. गंमत म्हणजे २०२० च्या युरोपातल्या अभ्यासात उलट्या बाजूचं चित्र होतं : लठ्ठ लोकांपैकी स्टॅटिन घेणाऱ्यांत शरीरातल्या दाहाशी (इन्फ्लमेशनशी) जोडलेली जिवाणूंची ठेवण कमी आढळली. ती गोळीमुळेच, असं त्यातून सिद्ध होत नाही, हे पुतणीने दोनदा बजावलं.

एवढं कळल्यावर माणसाला वाटतंच, आपलं पोट तपासून घ्यावं. एका ठिकाणी मला शौचाची तपासणी आणि प्रोबायोटिकचं पॅकेज चिकटवायचा बराच प्रयत्न झाला. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "रिपोर्ट काहीही आला तरी मी गोळी बदलणार आहे का?" नव्हते बदलणार. अजून तरी अशा तपासणीवरून स्टॅटिन ठरवत नाहीत. पैसे वाचले.

मी केलं ते साधंच. रात्री पोळीऐवजी ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, ताटात भाजी दुप्पट, जेवणानंतर गल्लीत चालणं. तर्री पोहे सोडले नाहीत. फक्त रविवारवर आणले. पुढच्या तपासणीत एलडीएल तिथेच आणि एचबीएवनसी ५.८. हे भाकरीने झालं की चालण्याने, छातीठोक सांगता येणार नाही.

मित्राचं समाधान काही झालं नाही. आता त्याचं म्हणणं, या गोळीवर संत्री खायची नाहीत. नागपुरात! मूळ गोष्ट ग्रेपफ्रूटची आहे. त्यातली काही रसायनं आतड्याच्या भिंतीतलं औषध मोडणारं एन्झाइम बंद पाडतात आणि सिम्वास्टॅटिन, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन रक्तात जास्त चढतं. पपनसाबद्दलही सावध राहायला सांगतात. माझी रोसुव्हास्टॅटिन त्या एन्झाइमवर फारशी अवलंबून नाही आणि आपल्या संत्र्यात ती रसायनं नगण्यच असतात. तेव्हा मृग बहाराची संत्री आली की खातो. ज्यूस न काढता, फोडी चोथ्यासकट. जिवाणूंना तोच लागतो.