ट्रेनिंग आणि त्याला जोडलेले दोन दिवस

'पुण्याचं ट्रेनिंग शुक्रवारी संपतं, मग तू रविवारी रात्री घरी कशी?' ऑफिसात, सोसायटीत, मावसबहिणींच्या ग्रुपवर मला हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याच्या सुरात कधी हेवा असतो, कधी 'बँकेच्या पैशांनी मजा आहे बाई' हा टोमणा. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आधी पैशांचं उरकून टाकू. प्रवासभत्ता घर ते पुणे आणि पुणे ते घर, एवढाच. वाट वाकडी केली की तिकीट, राहणं, जेवण सगळं आपलं. बिलात सरळ मार्गाचं भाडं जेवढं होतं तेवढंच मागायचं, आणि निघण्याआधी साहेबांना एक ओळीची मेल टाकून ठेवायची. 2015च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, त्यामुळे रजाही लागत नाही. ट्रेनिंगला नाव जातं तेव्हा मी विषयाच्या आधी कॅलेंडर बघते. हे मात्र साहेबांना सांगू नका.

माझं काम मुंबईत, कर्जाच्या फायली तपासण्याचं. जिल्ह्यातल्या शाखांकडून शेतीकर्जाची प्रकरणं येतात; सातबारा, आठ अ, फेरफार, कोटेशनं सगळं असतं, फक्त शेत नसतं. मी वाढले डोंबिवलीत. आजोळ गिरगावात. पीक म्हणून मी जे पाहिलं ते सातबाऱ्यावरच्या रकान्यात.

पहिल्यांदा पीककर्जाच्या कोर्सला गेले ती पुण्याच्या कृषी बँकिंग महाविद्यालयात. रिझर्व्ह बँकेने 1969 साली काढलेली ही संस्था. तिथे किसान क्रेडिट कार्डाची, म्हणजे शेतकऱ्याला पिकासाठी किती कर्ज द्यायचं त्याची, मर्यादा काढायला शिकवली: जिल्हास्तरीय तांत्रिक समितीने ठरवलेला त्या पिकाचा एकरी कर्जाचा आकडा गुणिले क्षेत्र, त्यावर 10 टक्के घरखर्च आणि काढणीनंतरच्या खर्चासाठी, 20 टक्के अवजारांच्या देखभालीसाठी, वर विम्याचा हप्ता. माझं गणित वर्गात सगळ्यात आधी सुटलं. शेजारच्या बाकावर जुन्नरकडची एक अधिकारी होती. ती म्हणाली, "उद्या आमच्याकडे टोमॅटोचा तोडा आहे, येता का बघायला?" गंमत म्हणून हो म्हटलं. वाकडेवाडीहून एसटी पकडली आणि नारायणगावला उतरले.

शेत तीस गुंठ्यांचं. पाऊण एकर म्हणजे किती, ते त्या दिवशी पाठीने मोजलं. दोन तास ओणवं होऊन तोडलं तेव्हा माझी एक सरी संपली. तोपर्यंत शेतमालकीण काकू तिसऱ्या सरीच्या टोकाला पोचल्या होत्या. टोमॅटोच्या पाल्याचा चीक हाताला बसतो, आधी पिवळट, मग हिरवा, मग चक्क काळा. साबण लावला तर फेस हिरवा येतो आणि हात तसाच. काकूंनी एक फुटका टोमॅटो माझ्या तळव्यावर चुरडला. "ह्येनंच जातंय." गेलं.

संध्याकाळी काका बरोबर घेऊन गेले बाजारात. वीस किलोचं एक क्रेट, अशा क्रेटांच्या भिंतीच्या भिंती. 2023च्या जुलैत इथे क्रेटला दोन हजारांवर भाव मिळाला होता आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तोडणीची मजुरीही सुटेना. वर्गात हे 'बाजारभावाची जोखीम' या नावाने एका स्लाइडवर होतं, तिथे मी डुलकी काढली होती.

त्यानंतर तीनचार कोर्स झाले आणि दर वेळी त्याच घरी गेले. (आता पैसे घ्यायला लावते, पहिल्या वेळी घेतले नव्हते.) रात्री मासवडी असते. नाव ऐकून माझी शाकाहारी मैत्रीण दचकली होती. पण यात मासा नाही. ओल्या फडक्यावर शिजवलेलं बेसन थापायचं, त्यावर तीळ, सुकं खोबरं, कांदा-लसणाचं सारण, मग फडक्यासकट गुंडाळी करून वड्या पाडायच्या, आणि सोबत तिखट रस्सा. अंधार पडला की उसाच्या कडेने एकटं जायचं नाही, हा मुलूख बिबट्याचा आहे.

नवऱ्याला एकदा नेलं. त्याने पहिल्याच तासाला विचारलं, स्विमिंग पूल कुठे? पुन्हा नेलं नाही. परत येताना मी माळशेज घाटातून कल्याणची एसटी धरते, घर वाटेतच पडतं. पण पावसाळ्यात रविवारी हा शहाणपणा करू नका. धबधब्याखाली भिजायला आलेल्या गाड्यांत आमची एसटी अडकली ती अडकलीच, आणि मी घरी पोचले रात्री दीडला. सोमवारी साडेनवाला ऑफिसात. तेव्हापासून जुलै-ऑगस्टात मुकाट्याने पुण्यावरून येते.

आता, तुमच्या प्रश्नात एक पोटप्रश्न असतो: कामाला काय उपयोग? मागच्या खेपेला काका बांधावर खर्च सांगत होते. रोपं, मल्चिंग पेपर, ठिबक, औषधं, आणि सगळ्यात आधी तार-काठी. टोमॅटोचं झाड उभं राहतं ते बांबू, तार आणि सुतळीच्या जिवावर. बांबू तीनचार हंगाम चालतो, सुतळी दर वेळी नवी. "गेल्या साली आमच्या भावकीतल्या एकाचं कर्ज अडकलं होतं," ते म्हणाले. "मुंबईच्या ऑफिसातनं शेरा आला, भाजीपाल्याला बांबू कशाला? खुलासा द्या. तेवढ्यात लागवडीची वेळ गेली."

असा शेरा मी बऱ्याच फायलींवर मारला आहे. त्यातली ही फाइल होती की नाही, आठवत नाही. मी सुतळीचं टोक धरून उभी होते. काकू पलीकडून म्हणाल्या, "ताई, ढिली सोडू नका, ओढून धरा."