लेव्हल एकची सुगरण

माझं माहेर मालवणचं. कोळंबी करपवणं हा आमच्याकडे जवळजवळ पोलीस केसच. आणि बत्तीस वर्षं चूल सांभाळलेल्या मी, गेल्या दिवाळीनंतरच्या एका दुपारी, कोळंबीचा कोळसा केला. टॅबलेटच्या पडद्यावर. स्वयंपाक: लेव्हल १, असं त्या खेळाने माझ्याबद्दल नोंदवूनही ठेवलं होतं.

खेळाचं नाव ओल्ड स्कूल रूनस्केप. इंटरनेटवर जगभरची माणसं एकाच वेळी खेळतात, तसला. लेक सुट्टीला आला होता, जाताना टॅबलेटवर टाकून गेला. "आई, दुपारी कंटाळा येतो म्हणतेस ना, बघ जरा." हाच खेळ तो आठवीत असताना खेळायचा, आणि मी मोडेमची वायर काढून डाळीच्या डब्यात लपवायची. मूळ रूनस्केप २००१ साली इंग्लंडमधल्या गॉवर भावांनी काढलं. पुढे त्यात इतके बदल झाले, की जुने खेळाडू आपलं पूर्वीचंच बरं होतं म्हणून हटून बसले. मग कंपनीने मतदान घेतलं आणि २००७ सालचा जपून ठेवलेला खेळ २०१३मध्ये पुन्हा सुरू केला. जुन्या चवीसाठी हट्ट धरणारी माणसं जगभर असतात, हे वाचून मला त्या खेळाबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली.

पण अडकले ती दळणापायी. लंब्रिज नावाच्या गावात एक वाडा आहे. तिथला आचारी डोक्याला हात लावून बसलेला. धन्याचा वाढदिवस, केक करायचाय आणि घरात सामान नाही. अंडं, बादलीभर दूध, भांडंभर पीठ आणून दे म्हणाला. आता हे मला काय नवीन? ऐनवेळी सामान नसणं आणि त्यासाठी दुसऱ्याला पळवणं, दोन्ही ओळखीचं. कोंबड्यांच्या आवारातून अंडं उचललं, गाय पिळली. पीठ मात्र आयतं घेतलं नाही. शेतातून गहू तोडायचा, गिरणीचे मजले चढून वर जायचं, गहू ओतायचा, दांडा ओढायचा आणि मग खाली येऊन भांड्यात पीठ भरायचं. मी पहिल्या खेपेला भांडंच न्यायला विसरले. डोंबिवलीत दळणाला जाताना डबा विसरले तर किती चिडचिड होते, पण इथे हसत हसत परत गेले. आचाऱ्याने ३०० एक्सपी दिले. एक्सपी म्हणजे अनुभवाचे गुण. बक्षीस स्वयंपाकातच मिळालं म्हणून जरा जास्तच सुखावले.

झाड तोडलं की एका ओंडक्याचे २५ गुण. ८३ झाले की लेव्हल दोन, म्हणजे चारच ओंडके. लगेच वाजंत्री, डोक्यावर आतषबाजी, अभिनंदनाची पाटी. बत्तीस वर्षं कांदे चिरले, एकदा तरी कुणी फुलबाजी पेटवली? हे सगळं कुणीतरी मोजतंय, या नुसत्या जाणिवेने मी पहिल्या आठवड्यात रोज तीन-तीन तास लाकडं तोडली. इकडे गॅलरीतली कुंडीतली तुळस पाण्यावाचून मान टाकून उभी. (नंतर सावरली.)

मग व्हॅरॉक शहर बघायची हौस आली. शहराच्या दक्षिणेला दगडांचं एक रिंगण आहे आणि तिथे काळे जादूगार घुटमळत असतात. नवख्या माणसाला बघितलं की कारण न विचारता मारतात. मी मेले. मेलेला माणूस पुन्हा लंब्रिजला उभा राहतो. सगळ्यात महागाच्या तीन वस्तू जवळ राहतात, बाकीचं सामान मेल्या जागी थडग्यात, आणि ते आणायला १५ मिनिटं. माझ्या पिशवीत काय होतं? ओंडके, पिठाचं एक भांडं आणि चार कोळंब्या. न करपलेल्या! मी धावत सुटले. कुकरची तिसरी शिट्टी झाली, पाचवी झाली. थडगं गाठलं, सामान उचललं, जादूगारांना चुकवून शहरात शिरले. त्या रात्रीचं वरण वाटीतून ओतता येत नव्हतं, कापावं लागलं असतं.

आता मी ड्रेनॉर गावात विलोची झाडं तोडते. बँकेला लागूनच आहेत. गावच्या पारासारखं असतं तिथे, पाचसहा जण उभे, कुऱ्हाडी चालू, बोलत कुणीच नाही. मागच्या गुरुवारी माझी लेव्हल वाढली तर शेजारच्या कुणा अनोळख्याने 'जीझी' लिहिलं. शिवी वाटली मला. लेक म्हणाला, अभिनंदन असतं ते. मग पुढच्या वेळी एका अशाच जीझीला मी रोमन अक्षरांत 'धन्यवाद' लिहिलं. पलीकडून फक्त प्रश्नचिन्ह आलं.

आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले. महिनाभर त्यांनी टोमणे मारले: "सरपण पुरेसं झालं का?" शेवटची लेव्हल ९९ आणि तिला १,३०,३४,४३१ गुण लागतात, हे मी बोलता बोलता सांगितलं, आणि ९२ला पोचलं की जेमतेम अर्धा रस्ता होतो हेही. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "एका ओंडक्याचे किती?"

"विलोचे साडेसदुसष्ट."

विजेच्या बिलाच्या पाठीमागे त्यांनी भागाकार मांडला. "एक लाख त्र्याण्णव हजार ओंडके. रोजचे तीनशे धरले तर पावणेदोन वर्षं." मी काही बोलले नाही, झाड नुकतंच आडवं झालं होतं, दुसरं शोधत होते. त्यांनी चष्मा पुसला, बिल पुन्हा जवळ ओढलं.

"चारशे जमतील का तुला?"