ब्रनोच्या बागेपासून प्रागच्या किल्ल्यापर्यंत: वात्स्लाव क्लाउस यांच्या खुणा

चेक देशाचे माजी पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष वात्स्लाव क्लाउस यांची कारकीर्द समजून घ्यायला तिकडे निघाला असाल, तर सगळ्यात आधी ब्रनोतल्या व्हिला टुगेनधाटचे तिकीट काढा. विमानाचे नंतर. आत सोडतात ते ठरलेल्या वेळेच्या छोट्या गटांनाच, आणि उन्हाळ्यातल्या जागा दोन-तीन महिने आधी संपतात. ऐन वेळी दारात जाऊन उपयोग होत नाही.

प्रागहून ब्रनो रेल्वेने साधारण अडीच तास. तिथल्या मुख्य स्टेशनावरून ट्राम धरून देत्स्का नेमोत्स्नित्से, म्हणजे मुलांच्या हॉस्पिटलच्या थांब्यावर उतरायचे आणि चढाच्या रस्त्याने चेर्नोपोल्नी गल्ली गाठायची. कागदी तिकीट ट्राममध्ये चढल्याबरोबर यंत्रात ठसवायचे. हे राहिले की तिकीट असूनही दंड होतो, आणि तपासनीस बहुधा साध्या कपड्यांत असतात.

वास्तुरचनाकार मीस फान डेर रोहे यांनी 1929-30 मध्ये बांधलेले हे घर वास्तुकलेसाठी प्रसिद्ध आहे. गाईड दिवाणखान्यातल्या ऑनिक्स दगडाच्या भिंतीपाशी बराच वेळ थांबतात आणि ते योग्यच आहे. मला मात्र इथे महत्त्वाची वाटते ती बाग. 26 ऑगस्ट 1992 रोजी चेक पंतप्रधान क्लाउस आणि स्लोव्हाक पंतप्रधान व्लादिमिर मेचियार याच झाडांखाली खुर्च्या टाकून बसले होते. 31 डिसेंबरला चेकोस्लोव्हाकिया संपवायचा, हे त्या बैठकीत ठरले. सार्वमत झाले नाही. त्यासाठी लाखोंनी सह्या केल्या होत्या, तरीही नाही. संघराज्याची मालमत्ता लोकसंख्येच्या हिशेबाने दोनास एक अशी वाटली गेली. चलन काही महिने तरी एकच ठेवायचे म्हणून ठरले होते, पण 8 फेब्रुवारी 1993 लाच ते वेगळे झाले. जुन्या नोटांवर तिकिटे चिकटवून काम भागवले. रक्ताचा थेंब न सांडता देश वेगळे झाले, हे मोठेच. पण लोकांना विचारायचे राहिले, ही उणीव मला त्या बागेत जास्त जाणवते.

आता प्राग. मेट्रोच्या हिरव्या मार्गावर मालोस्त्रान्स्का स्टेशनला उतरलात की नदीकाठाने काही मिनिटांत स्त्राका अकादमी दिसते. गरीब सरदारांच्या मुलांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली ही इमारत आज पंतप्रधानांचे कार्यालय आहे. आत जाता येते ते वर्षातल्या मोजक्या खुल्या दिवशीच, एरवी फाटकाबाहेरूनच पाहायची. पण इथे उभे राहून कुपन योजना, म्हणजे सरकारी कंपन्यांचे शेअर नागरिकांना देऊन खासगीकरण करण्याची योजना, समजून घ्या, कारण क्लाउस यांचे राजकारण तिच्यावर उभे होते.

संघराज्याचे अर्थमंत्री असताना त्यांनी ती आखली. प्रौढ नागरिकाने 35 कोरुनांची (कोरुना हे तिथले चलन) पुस्तिका आणि 1000 कोरुनांचे तिकीट घ्यायचे, की 1000 गुण मिळत. साधारण आठवड्याच्या पगाराइतका खर्च. त्या गुणांनी सरकारी कंपन्यांचे शेअर मागायचे. एखाद्या कंपनीला मागणी फार झाली, तर गुण परत येत आणि पुढच्या फेरीत शेअरचा भाव वाढवला जाई. मागणी कमी पडली, तर उरलेले शेअर कमी भावाने पुन्हा येत. गणित चोख होते. बिघाड झाला तो वेगळ्याच जागी. लोकांचे गुण गोळा करून त्यांच्या वतीने शेअर घेणारे खासगी फंड निघाले. त्यातल्या हार्वर्ड नावाच्या फंडाने वर्ष आणि एक दिवसानंतर गुंतवणुकीच्या दहापट पैसे देण्याची जाहिरात केली आणि लोक फंडांकडे धावले. पहिल्या फेरीमालिकेत दहापैकी सातेक गुण फंडांच्या हाती गेले. मोठे फंड बँकांचे, आणि बँकांमध्ये मोठा वाटा अजून सरकारचा. भांडवल बाजारावर देखरेख करणारी यंत्रणा नव्हतीच म्हणावी लागेल. कंपनी आतून पोखरून पैसा बाहेर काढायचा, या प्रकाराला चेक लोक ‘तुनेलोव्हानी’ म्हणू लागले, म्हणजे बोगदा खणणे. वेग आधी आणि कायदा मागून, हा क्रम मला चुकीचा वाटतो.

1996 च्या निवडणुकीत क्लाउस यांच्या आघाडीला 200 पैकी 99 जागा मिळाल्या. मे 1997 मध्ये कोरुनाचा विनिमय दर ठरावीक पट्ट्यात ठेवायचे धोरण सोडून द्यावे लागले. मग क्लाउस यांच्या पक्षाच्या निधीचे प्रकरण उघडे पडले: 75 लाख कोरुनांच्या देणगीवर दोन नावे होती, एक मरण पावलेल्या हंगेरियन माणसाचे आणि दुसरे मॉरिशसमधल्या भारतीय नावाच्या गृहस्थाचे. खरा दाता निघाला एक माजी टेनिसपटू, ज्याला एका पोलाद कारखान्याच्या खासगीकरणात रस होता. क्लाउस सारायेवोत असताना यान रुमल आणि इव्हान पिलिप या पक्षातल्याच दोघांनी राजीनामा मागितला. 1914 मध्ये त्याच शहरात ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली होती, तिच्या आठवणीने त्याला ‘सारायेवोचा हल्ला’ म्हणतात. 30 नोव्हेंबर 1997 ला सरकार गेले.

स्त्राका अकादमीहून स्न्येमोव्हनी गल्लीत कनिष्ठ सभागृहापर्यंत चालत जा. 1998 मध्ये क्लाउस यांनी प्रतिस्पर्धी मिलोश झेमान यांच्या अल्पमतातल्या सरकारला करारावर तगवले आणि स्वतः या सभागृहाचे अध्यक्ष झाले. मालोस्त्रान्स्का स्टेशनला लागून सिनेटची, म्हणजे वरिष्ठ सभागृहाची, बाग आहे. एप्रिल ते ऑक्टोबर ती मोफत खुली असते, तिथे जरा टेका. पुढे 22 नंबरची ट्राम ‘प्राझ्स्की ह्राद’, म्हणजे प्रागचा किल्ला, या थांब्यावर सोडते. किल्ल्यावर सकाळी लवकर पोहोचा. 28 फेब्रुवारी 2003 रोजी इथल्या स्पॅनिश हॉलमध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी तिसऱ्या प्रयत्नात 142 मतांनी क्लाउस यांना राष्ट्राध्यक्ष केले. हा हॉल एरवी बंदच असतो.

1 जानेवारी 2013 ला राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनी सामूहिक माफी जाहीर केली. आठ वर्षांहून जास्त रेंगाळलेले, दहा वर्षांपर्यंत शिक्षेचे खटले तिने थांबले, आणि त्यात मोठ्या आर्थिक गुन्ह्यांचेही होते. सिनेटने देशद्रोहाचा आरोप ठेवला. तो ज्या घटनात्मक न्यायालयापुढे गेला, ते ब्रनोत योश्तोव्हा रस्त्यावर आहे. पहिल्या दिवशी व्हिला पाहून शहराच्या मध्यात परतलात, तर वाटेवरच आहे. कार्यकाळ संपला म्हणून न्यायालयाने कारवाई थांबवली. माफी योग्य होती का, हे तिथे ठरलेच नाही.