आधी एसक्यूएल, मग बाकीचे

आज दर्यापूर तालुक्यातील आमच्या गावच्या अभ्यासिकेत बीसीएच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी भेटली. जावा, पायथन, रिॲक्ट, अँग्युलर, क्लाऊड अशी यादी तिने वहीत लिहून आणली होती आणि नोकरीसाठी यांतले नेमके काय शिकावे, हा तिचा प्रश्न होता.

मी तिला एसक्यूएलपासून, म्हणजे साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारण्याच्या भाषेपासून, सुरुवात करण्यास सांगितले, कारण संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल मॉडेलवर, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडता येणाऱ्या तक्त्यांत ठेवण्याच्या पद्धतीवर, उभी असलेली ही भाषा आजही सर्वत्र लागते. तिच्या वडिलांच्या कापसाच्या काटापट्ट्या समोर ठेवून आम्ही शेतकरी, वजन आणि भाव यांचे तक्ते आखले. प्रत्येक पट्टीवर शेतकऱ्याचे नाव पुन्हा लिहिण्याऐवजी त्याला क्रमांक देऊन दोन तक्ते जोडता येतात, हे लक्षात येताच ‘जॉइन’ची, म्हणजे तक्ते जोडून माहिती मागवणारी, क्वेरी तिने स्वतःच लिहिली. मला मनापासून आनंद झाला.

यानंतर पायथन किंवा जावा यांपैकी एकच भाषा घेऊन तीत एखादे काम पूर्णत्वास न्यावे आणि कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे गिट सोबतच शिकावे, असे माझे ठाम मत आहे. अँग्युलरसारखे फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्राम उभारण्याचे तयार सांगाडे, बदलत राहतात. एकेकाळी सर्वत्र मागणी असलेल्या अँग्युलरजेएसची, म्हणजे अँग्युलरच्या जुन्या अवताराची, देखभाल गूगलने २०२१ अखेर थांबवली. तिच्याजवळ अजून लॅपटॉप नाही, मात्र एसक्यूएलाइट हा एसक्यूएल वापरणारा छोटा डेटाबेस अँड्रॉइड मोबाईलवरही चालतो, त्यामुळे सराव आजच सुरू झाला आहे.