हीट नंबर

एप्रिलमधली गोष्ट. मी दहा पावलांवर उभा असताना माझ्याच फेटलरनं, म्हणजे ओतीव माल घासून साफ करणाऱ्या पोरानं, पॅटन रणगाड्याच्या टरेटवरचे (तोफेच्या फिरत्या घुमटावरचे) चार आकडे ग्राइंडरनं साफ केले. मला कोणी बोल लावला नाही. उलट ‘छान गुळगुळीत झालं’ असंच सगळे म्हणाले. म्हणूनच ते डोक्यातून जात नाही.

बेळगावात उद्यमबागेला आमची छोटी फौंड्री, म्हणजे धातू ओतायचा कारखाना आहे. पंपाची केसिंगं, ट्रॅक्टरची ब्रॅकेटं, असला माल. चिकोडीकडच्या एका संस्थेच्या आवारात १९६५ च्या युद्धात पकडलेला रणगाडा काँक्रीटच्या ओट्यावर उभा आहे. गंज काढून रंग द्यायचं काम आमच्याकडे आलं. फलकावर फक्त ‘पाकिस्तानी रणगाडा’. कुणी बनवला, कुठे सापडला, एक अक्षर नाही.

तो एम-४८ आहे हे लांबूनच कळतं. ड्रायव्हर पुढे मधोमध बसतो आणि माणसं चार. जुन्या एम-४७ मध्ये पाच, पाचवा पुढच्या मशीनगनवर. आपण दोघांनाही पॅटनच म्हणतो. हे अमेरिकी रणगाडे पाकिस्तानला मदत म्हणून मिळालेले. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरला आपल्या लोकांनी कालव्याचं पाणी शेतात सोडलं आणि उभ्या उसात दबा धरला. तिथे आपल्या मोजणीप्रमाणे ९७ रणगाडे पडले नाहीतर हाती लागले. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पाणी पाजलेल्या उसात बैलगाडी रुतते, तिथे पंचेचाळीस टनांचं काय होणार!

पण मी खुळावलो ते ओतकाम बघून. एम-४८ चा खालचा सांगाडा पोलादाचा, एका नगात ओतलेला असतो. टरेटही ओतीव. एवढ्या मोठ्या नगाला मोल्ड (वाळूचा साचा) किती मोठा, रायझर, म्हणजे जादा रस पुरवणारे खांब, कुठे कुठे ठेवले असतील, थंड होताना तडा कसा गेला नसेल, हे मी दोन दिवस हात फिरवून बघत होतो. बोटांना वाळूचा खरबरीतपणा अजून लागतो. साठ-सत्तर वर्षांमागच्या कुणा मोल्डरची वाळू ती.

रंगाचे सहा थर होते. वर चकचकीत इनॅमल, मग काळा, चंदेरी, परत हिरवा, रेड ऑक्साइड आणि तळाला मंद, बिनचमकीचा हिरवा. सँडब्लास्ट करू नका, खालचा मूळ रंगही जाईल, रिमूव्हर लावून हातानं खरवडा, असं मी बजावलं होतं. टरेटच्या मागच्या बाजूला रंगाखाली नुसते फुगवटे दिसत होते. फेटलिंगवाल्याला आम्ही पहिल्या दिवशी काय शिकवतो? वर आलेलं दिसलं की काढ. साच्याच्या फटीत शिरलेली फिन, रायझरचा बुडखा, साच्याच्या जोडाची पार्टिंग लाइन. पोरानं तेच केलं.

“मालक, लई उंचवटे हुते. सपाट केलं बगा.”

जवळ गेलो तर चांदीसारखी घासलेली पट्टी आणि कडेला दोनच आकडे शिल्लक. ते ओतकामाचे उठावदार आकडे होते. आमच्याकडे गिऱ्हाइकाचा माल परत आला की पहिला प्रश्न ‘हीट नंबर सांगा’. कुठल्या दिवशीच्या, कुठल्या भट्टीच्या रसातून नग निघाला ते त्यावरून कळतं. नंबर गेला की नग बेवारशी. आणि मी त्याचा आधी फोटोही काढला नव्हता. ही चूक पोराची नाही, माझी.

संस्थेचे अधिकारी म्हणाले, “तुम्ही फौंड्रीवाले, नवे आकडे ओतून चिकटवा की! आणि ते भोकही पुट्टीनं बुजवा, पाहुणे येणार आहेत.”

डाव्या बाजूला दोन बोटं जातील एवढं भोक आहे. कडा वितळून बाहेर वळलेली. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदारकाका रोज सायकलवरून येऊन बघत बसायचे. त्यांनीच समजावलं, “हा हीट गोळ्याचा, म्हणजे हाय एक्स्प्लोझिव्ह अँटी-टँक गोळ्याचा घाव. गोळा मोठा, पण आतलं तांब्याचं नरसाळं स्फोटानं धारेसारखं होऊन पोलाद भेदतं. म्हणून भोक बारीक.” मग सावकाश म्हणाले, “आत चार माणसं असतात. बुजवू नका.”

मी दोन्हीला नाही म्हटलं. आकडे आठवणीनं बनवले असते तर ते खोटे झाले असते. भोक बुजवलं असतं तर रणगाडा उभा राहिला असता, पण त्याचं काय झालं ते कुणाला दिसलं नसतं. अधिकाऱ्यांनी पुढचं काम दुसऱ्याला द्यायची भाषा केली. देखावा नीट दिसला की झालं, ही आपल्याकडची खोड मला सहन होत नाही.

तरी भोकातून पाऊस आत जातो हेही खरंच. हॅच (वरचं झाकण) उघडून बघितलं तर आत गुडघाभर पाणी, पालापाचोळा, सोड्याच्या बाटल्या. बाहेरून चकाचक आणि तळ आतून कुजतोय. पाणी निघून जावं म्हणून आम्ही तळाच्या प्लेटा मोकळ्या केल्या, आतून एपॉक्सी प्रायमर मारला, आणि ट्रॅकच्या कड्या ज्या काँक्रीटमध्ये पुरल्या होत्या ते छिन्नीनं फोडलं. पट्ट्यांखाली पाणी धरून राहायचं, गंज तिथूनच चढायचा. या कामाचे पैसे कोणी मागितलेच नव्हते, तेव्हा दिलेही नाहीत.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात रात्री गाडी काढून गेलो. पोरगाही हट्टानं आला. बॅटरी मारली तर तळातून तांबूस पाण्याची धार सरळ बाहेर पडत होती. मी भोकात बोटं घालून बघितलं, कड ओली होती, पण आत पाणी साचलं नव्हतं. मागे वळून बघतो तर पोरगा टरेटवर चढून, उरलेल्या दोन आकड्यांवर तेलाचा बोळा फिरवत बसला होता.