डिझेलच्या बाटल्या: अकरावा आठवडा

वर्सोवा कोळीवाड्यात मामाच्या शेडमधलं पाच एचपीचं जुनं इंजिन अजून बंदच आहे. नोझलच्या टोकाला तपकिरी थर, टाकीच्या तळाशीही तोच. मामाचं एकच: "कचरा पडलाय रे, फिल्टर बदल." दोनदा बदलला. पण हा कचरा नाही. बोटाला कचकचत नाही. तळाच्या पाण्यावर धरणाऱ्या बुरशीसारखा बुळबुळीतही नाही. थोडा खरवडून अॅसिटोनमध्ये टाकला, तर कटिंग चहाचा रंग सोडत विरघळला. म्हणजे डिंक, डिझेलमध्येच तयार झालेला.

टाकीतलं डिझेल 2016 सालचं. क्रॅकिंगमधून, म्हणजे रिफायनरीत जड तेलाचे रेणू तोडताना, येणारं सायकल ऑइल नावाचं तेल डिझेलमध्ये मिसळतात, त्यात इंडोलसारखी नायट्रोजनची संयुगं असतात. हवेतल्या ऑक्सिजनने त्याच तेलातल्या फेनालीन नावाच्या हायड्रोकार्बनांची फेनालेनोनं होतात, ती इंडोलला जाऊन चिकटतात आणि आम्ल मिळालं की जड होऊन खाली बसतात. पायरोल हे नायट्रोजनचं आणखी एक संयुग, तेही असलंच उपद्रवी. पिरिडीन, क्विनोलीन नायट्रोजनवाली असूनही तितकी उपद्रवी नाहीत. गंमत म्हणजे गाळ रोखायला जे स्टॅबिलायझर घालतात, त्यांतली कित्येक अमाइनच, म्हणजे नायट्रोजनवालीच! ती आम्लालाच गप्प करतात.

इंजिनाची नळी तांब्याची, म्हणून तांब्याने डिंक लवकर धरतो का ते बघायला बाटल्या भरल्या. चार: जुनं डिझेल गाळून, जुनं अधिक तांब्याची तार, पंपावरचं नवं, नवं अधिक तार. दर रविवारी झाकण उघडून हवा देतो. जुनं अधिक तार चौथ्याच आठवड्यात काळवंडलं. आता बाटली तिरकी केली तरी तळाचा थर हलत नाही. नुसतं जुनं हळूहळू त्याच वाटेवर. नवी दोन्ही अजून फिकी.

नव्याचं कौतुक बेताने करा. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या मानकाचं इंधन आलं, गंधक 50 वरून 10 पीपीएमवर (दहा लाख भागांत 10) आलं, आणि गंधक काढणाऱ्या हायड्रोजनच्या प्रक्रियेत बराचसा नायट्रोजनही निघतो. पण माझी जुनी बाटली वर्षानुवर्षं म्हातारी झालेली, नवी कालची, त्यामुळे ही तुलना सरळ नाहीच. डिझेल किती टिकतं ते तपासायला प्रयोगशाळेत ते 43 अंश सेल्सिअसवर ठेवतात, तिथला एक आठवडा म्हणजे साध्या साठवणीतला साधारण एक महिना. आमच्या शेडला तसला हीटर नाही, पत्रा आहे.

टाकी अॅसिटोनने धुतली, शेडच्या बाहेर, मामाची बिडी विझवायला लावून. टाकीपासून पंपापर्यंतची तांब्याची नळी काढून स्टीलची बसवली. नळी मामाने भंगारवाल्यासाठी ठेवली होती, ती उचलून आणलीय. पाचव्या बाटलीत तिचाच तुकडा जाईल, नव्या डिझेलमध्ये.